अँग्लिकन चर्चमध्ये पहिल्यांदाच

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं चर्च, तिथल्या संडे सर्व्हिसला (रविवारच्या प्रार्थनेला) गेले आणि खरं सांगू का, अर्धा वेळ पुढच्या काकूंकडे बघून उठबस करण्यातच गेला. भिंतीवरच्या लाकडी फळीवर नुसते आकडे, ते त्या दिवशीच्या गाण्यांचे नंबर असतात हे पहिलं गाणं सुरू झाल्यावर डोक्यात शिरलं. प्रार्थना मात्र भारी, पाद्री एक ओळ म्हणणार की सगळे न बघता पुढची म्हणणार, काही ओळी तर १६६२ च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आलेल्या. मधेच सगळे वळून शेकहँड करायला लागले, मीही केला (हे आवडलं बरं का). शेवटी पुढे जाऊन ब्रेड-वाईन घेतात (येशूच्या आठवणीतला विधी), ती घ्यायची नसेल तर छातीवर हात दुमडून पुढे जायचं, पाद्री नुसता आशीर्वाद देतात, पण तेवढं धाडस काय झालं नाही, बसूनच बघितलं.