तुम्ही विचारलंत म्हणून : उचल टिकत का नाही?

बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, तिथे मी मदतीला जातो. त्यामुळे शहरातले ओळखीचे लोक हमखास विचारतात, "एवढी उचल मिळते यांना, मग पैसा टिकत का नाही? थोडं पुढचं बघायला नको?"

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, आगाऊ देतो ती उचल ही कमाई नसते, कर्ज असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांनी पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ते फेडायचं. तापाने अंथरूण धरलं तरी खाडा लागतो, पैसे कापले जातात. हातात आलेल्या रकमेतून दुकानाची उधारी, दवाखाना, लग्नाचं जुनं देणं भागवलं की टिकवायला उरतं काय?

राहिलं पुढचं बघणं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी त्याच शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या दोनदा घेतल्या : तोडणीआधी हात तंग असताना, आणि उसाचे पैसे आल्यावर. आधीची कामगिरी कमी पडली. माणूस तोच, शिक्षण तेच. पैशाची विवंचना डोकं व्यापून टाकते. ते शेतकरी जमीनवाले होते. ज्याला जमीनही नाही किंवा नावापुरतीच आहे, त्याचं काय होत असेल?

आणि अशा माणसाकडून आपण काय मागतो? उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडणी. तहसील गावाकडे, तो कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात. वर बचतीचं व्याख्यान. याची मला चीड येते.

महाराष्ट्राने एकदा वेगळा विचार केला होता. १९७२च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गरिबीचा पुरावा कुणी मागितला नाही. उन्हात खडी फोडायला माणूस येतो, एवढं पुरे होतं. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, तुमच्या पगारातून तो आजही कापला जातो. हजेरीपटात घोटाळे झाले, मजुरीही तुटपुंजी होती, हे खरंच आहे. पण मागेल त्याला काम, हा हक्क होता.

कोयत्यासाठी, म्हणजे त्या जोडप्यासाठी, मला आज एवढंच हवंय : खाड्याचा दंड बंद व्हावा, आजारपणाची मजुरी मिळावी, आणि दाखले द्यायला तहसीलच्या माणसांनी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या फडाजवळच्या झोपड्यांवर, यावं.