हीटर होता, वॅट-तास नव्हते

रात्री १.३५ ला लाल टॉर्चचा उजेड तिरपा टाकला, तर लेन्सची काच दुधाळ. तीही दव धरू नये म्हणून हीटर पट्टा लावलेल्या कॅमेऱ्याची. शेजारच्या ट्रायपॉडवर मोजा गुंडाळलेली दुसरी लेन्स मात्र कोरडी ठणठणीत.

१३ डिसेंबर, भंडारदरा जलाशयाचा काठ, मिथुन उल्कावर्षावाचं टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ. दोन्ही कॅमेऱ्यांवर १४ मिमी एफ/२.८ लेन्स, २० सेकंदांचं एक्स्पोजर, मध्ये २ सेकंद. म्हणजे तासाला १६३ फ्रेम. दहा वाजता हवा १६ अंश आणि आर्द्रता ७८ टक्के होती. त्या हवेत दव धरतं साधारण १२ अंशांना. साडेबाराला हवा १३ वर आली, आर्द्रता ९० वर. आता दवबिंदू साडेअकराच्या आसपास. लेन्स हवेपेक्षा जेमतेम दीड अंश थंड झाली की पुरे.

आणि ती होतेच. निरभ्र आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते, बदल्यात आकाशाकडून फारसं काही मिळत नाही. मंद वारा असेल तर तो काचेला हवेच्या तापमानाजवळ धरून ठेवतो. बाराच्या सुमाराला वारा पडला. लेन्सहूडने, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या आडोशाने, काचेला दिसणारं आकाश कमी होतं, पण १४ मिमीचा हूड पाकळ्यांसारखा आखूड. त्याच्या भरवशावर राहू नये.

पट्ट्याचं काय झालं? पॉवर बँक रिकामी. पट्टा ५ व्होल्टला १.५ अँपिअर घेतो, पॉवर बँक १०,००० एमएएचची. भागाकार केला की साडेसहा तास येतात. हा हिशेब फसवा आहे. १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टला चढवताना काही वाया जाऊन हाती येतात सुमारे ३०. पट्टा खातो साडेसात वॅट. चार तास! साडेआठला लावला, साडेबाराला संपला. फ्रेममध्ये दव १२.५० पासून दिसतं: आधी पुनर्वसूच्या ठळक ताऱ्यांभोवती वलय, मग बारीक तारे गायब. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छोट्या चित्रात हे कळत नाही, मोठं करूनच पाहावं लागतं. सव्वाशेच्या आसपास फ्रेम वाया गेल्या. सॉफ्टवेअरने धूसरपणा थोडा कमी होतो, बुडालेले तारे परत येत नाहीत.

काच पुसायची नाही. थंड काचेवर दोन-चार मिनिटांत पुन्हा दव धरतं, ओला फराटा उरतो, आणि हात लागून फोकस हलतो तो वेगळाच. २०,००० ची पॉवर बँक जोडली, पट्टा पूर्ण ताकदीवर ठेवला. बारा मिनिटांत काच आपोआप निवळली. नंतर मधल्या पायरीवर आणला. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या थेट चित्रात, ठळक तारा दहा पट मोठा करून फोकस पुन्हा तपासला, कारण लेन्स तापली की फोकस किंचित सरकतो. म्हणूनच पट्टा फोकस करण्याच्या अर्धा तास आधी सुरू करावा आणि फोकस झाला की रिंगवर टेप मारावी. पट्ट्याची जागा पुढच्या काचेच्या लगत, हूडच्या मुळाशी. मागे बॉडीजवळ बांधला तर ऊब पुढे पोचेपर्यंत निम्मी होते.

मोज्याचा जुगाड का टिकला? मोज्यात हॅण्ड वॉर्मरची, म्हणजे हात शेकायची, पुडी होती. तिच्यातली लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनवर तापते. सैल विणीच्या मोज्यात तिला हवा मिळते. टेपने घट्ट आवळली तर थंड पडते. पाकिटावर आठ-दहा तास लिहिलेले असतात, मी पाचव्या तासाला बदलतो. पट्ट्याइतकी ताकद नाही, पण वायरही नाही आणि हिशेबही नाही.

चारला आवरलं. गार कॅमेरा तंबूत तसाच नेला, तर आतल्या माणसांच्या श्वासाचं बाष्प त्याच्यावरच धरतं, लेन्सच्या आतसुद्धा. म्हणून बाहेरच झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद केला आणि दोन तास उघडला नाही. कार्ड मात्र पिशवी बंद करण्याआधी काढून घ्यावं, नाहीतर फ्रेम पाहण्याच्या घाईत पिशवी हमखास उघडली जाते.