अडुसष्टाव्या फेरीपर्यंत अडलेला मथळा

हंगेरियन ग्रां प्री ही फॉर्म्युला वनची मोटार शर्यत तिकडे दुपारी तीनला सुटते, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. रविवारी क्रीडा डेस्कसाठी ही वेळ सोयीची. आठच्या सुमारास निकाल हातात येतो आणि डाक आवृत्तीचं पान वेळेत सुटतं. 21 जुलै 2024 ला मात्र मॅक्लारेन या टीमच्या दोन गाड्या पहिल्या-दुसऱ्या जागेवर धावत होत्या, तिसरा जवळपास फिरकत नव्हता, तरीही मथळ्यात नाव कोणाचं घालायचं हे आम्हाला शेवटच्या तीन फेऱ्यांपर्यंत कळत नव्हतं.

मॅक्लारेनचा लँडो नॉरिस पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सर्वात पुढे होता. त्याच टीमच्या ऑस्कर पियास्ट्रीने पहिल्याच वळणावर त्याला मागे टाकलं आणि पुढची चाळीसेक फेऱ्या शर्यत आपल्या ताब्यात ठेवली. दुसऱ्या टायरबदलाला गडबड झाली. साधारण रिवाज असा, की पुढे असलेल्याला आधी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, बोलवायचं. मॅक्लारेनने नॉरिसला 45व्या फेरीला आत घेतलं, पियास्ट्रीला 47व्या. कारण मागून येणारा मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन. तो आधीच नवे टायर घालून आला होता आणि त्याच्यापासून नॉरिसची जागा सांभाळायची होती. पण नवे, मऊ रबराचे मीडियम टायर असलेली गाडी जुन्या, कडक हार्ड टायरवरच्या गाडीपेक्षा फेरीमागे मोठा वेळ कमावते. अशा दोन फेऱ्या मिळाल्या की मधलं अंतर संपतं. यालाच अंडरकट म्हणतात. पियास्ट्री पिटमधून बाहेर आला तेव्हा नॉरिस पुढे होता, आणि ही जागा त्याने ट्रॅकवर झुंजून मिळवलेली नव्हती. म्हणून त्याने ती परत द्यावी असं टीमचं म्हणणं होतं.

आमच्याकडे दोन पडदे असतात, एकावर प्रक्षेपण आणि दुसऱ्यावर लाइव्ह टायमिंग, म्हणजे गाड्यांच्या जागा आणि अंतरांचे चालू आकडे. डेस्कवर नवा आलेला हमखास एक चूक करतो. ड्रायव्हर आणि टीममधल्या रेडिओवरचं वाक्य कानावर पडलं की तो घड्याळात बघून फेरीचा आकडा टाकतो. प्रक्षेपणातला रेडिओ निवडून आणि उशिराने ऐकवला जातो. एखादं वाक्य फेरीभर शिळंही असू शकतं. त्यामुळे कोण काय म्हणालं ते रेडिओवरून घ्यायचं, केव्हा काय घडलं ते फक्त टायमिंगवरून. त्या संध्याकाळी नॉरिस आणि पियास्ट्रीमधलं अंतर वाढत सहा सेकंदांच्या आसपास गेलं होतं. जागा परत द्यायचा विचार असता तर हा आकडा वाढला नसता.

नॉरिसचा इंजिनीअर विल जोसेफ त्याला आधी टायर जपायला सांगत होता. मग सूर बदलला. रविवारी सकाळच्या बैठकांत आपण काय बोलतो ते आठव, विजेतेपद एकट्याने मिळत नाही, तुला ऑस्कर लागेल, टीम लागेल, अशा वळणाने तो समजावू लागला. पोरगं ऐकत नाहीसं बघून घरातला मोठा माणूस आवाज न चढवता पुन्हा पुन्हा तेच सांगतो, तसं. नॉरिसचं म्हणणं, मग त्याला मला गाठायला सांगा. टीमला खरी भीती सेफ्टी कारची, म्हणजे अपघात झाला की सगळ्यांचा वेग रोखायला येणाऱ्या गाडीची होती. ती आली की सगळ्या गाड्या रांगेत जातात आणि अदलाबदल करणं अवघड होऊन बसतं.

शर्यत 70 फेऱ्यांची. 68वी सुरू होताना सरळ पट्ट्यावर नॉरिसने वेग सोडला, टायमिंगवर नावांची जागा बदलली आणि पियास्ट्रीचा पहिला फॉर्म्युला वन विजय नक्की झाला. आमचा ‘नॉरिसने आदेश झुगारला’ हा तयार मथळा पुसावा लागला. तो आधीच लिहून ठेवायला नकोच होता.

त्याच शर्यतीत मॅक्स व्हर्स्टॅपेन आणि त्याची टीम रेड बुल यांचं नातं अगदी वेगळ्या सुरात ऐकू येत होतं. पिटच्या वेळा चुकल्या म्हणून तो टीमवर चिडला होता. 63व्या फेरीला पहिल्या वळणावर ब्रेक मारताना तो हॅमिल्टनवर आदळला आणि शेवटी पाचवा आला. त्याचा इंजिनीअर जियानपिएरो लॅम्बियासी 2016 पासून त्याच्यासोबत होता. हॅमिल्टनविरुद्धची तक्रार त्याने उचलून धरली नाही. पंचांना त्यांचं काम करू दे म्हणाला आणि रेडिओवरच्या या वादाला सरळ ‘बालिश’ म्हटलं. नवख्या वाचकाला वाटतं की यांचं फाटलं. माझ्या मते उलट आहे. जिथे हिशेब चोख असतो तिथेच माणूस असं तोंडावर बोलतो. मॅक्लारेनला मात्र शब्द जपून वापरावे लागतात, कारण तिथे दोन ड्रायव्हर एकाच तोडीचे आहेत आणि एकाला दिलेला शब्द दुसराही ऐकतो.

चाहत्यांचंही तसंच. व्हर्स्टॅपेनच्या नारिंगी कपड्यांतल्या डच गर्दीला तो चिडला तरी चालतो. आदल्या रात्री तीनपर्यंत तो सिम्युलेटरवर ऑनलाइन शर्यत खेळत होता, तेही त्यांना शर्यतीचं वेडच वाटतं. नॉरिसला एकाच दिवशी दोन्हीकडून बोल लागले. जागा दिली म्हणून काहींनी भोळा म्हटलं, द्यायला इतका वेळ लावला म्हणून बाकीच्यांनी स्वार्थी.

गुणांचा हिशेब पाहिला तर त्या दिवशी नॉरिसचे सात गुण गेले, 25 ऐवजी 18. टीमचे मात्र 43 ते 43च राहिले. मोसमाअखेर व्हर्स्टॅपेन 437, नॉरिस 374. म्हणजे त्या सातांनी काहीच बदललं नसतं.

पुढच्या वर्षीच्या इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीचं तसं नाही. 7 सप्टेंबर 2025 ला पियास्ट्रीला आधी टायर दिले गेले, तेही त्याने नॉरिसच्या पुढे जायचं नाही या बोलीवर. नंतर नॉरिसचं पुढचं डावं चाक अडलं, त्याचा थांबा 5.9 सेकंदांचा झाला आणि तो मागे पडला. पियास्ट्रीने रेडिओवर विचारलं, संथ पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग असं आपलं ठरलं होतं ना? तरी त्याने दुसरी जागा परत दिली. त्यानंतर टीम नॉरिसच्या बाजूची आहे हा समज घट्ट झाला. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोत नॉरिस जिंकला तेव्हा पोडियमवर त्याची हुर्यो उडवली गेली.

शेवटचा तक्ता असा: नॉरिस 423, व्हर्स्टॅपेन 421, पियास्ट्री 410. मोन्झात दुसऱ्या जागेचे 18 आणि तिसऱ्या जागेचे 15 गुण होते. ती अदलाबदल झाली नसती आणि बाकी सारं तसंच घडलं असतं, तर नॉरिस 420 वर थांबला असता आणि एका गुणाने विजेतेपद व्हर्स्टॅपेनकडे गेलं असतं.