मृतांचा रकाना

जगभरात ज्या दरडींखाली माणसे दगावतात, त्यांची वर्षभर नोंद ठेवणे हे नागपुरातील कार्यालयात माझ्याकडे असलेले काम आहे. टेकडी म्हटले की ज्या शहराला सीताबर्डीचा गणपती आठवतो, तिथे बसून कोणी दरडी मोजते याचे माझ्या नातेवाइकांना अजूनही नवल वाटते. भूकंपाने सुटलेल्या दरडी आम्ही यात धरत नाही, कारण एका धक्क्यात हजारो दरडी कोसळतात आणि कोण घर पडून गेले व कोण दरडीखाली गेले, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. उरलेल्यांची संख्याही थोडी नाही: डेव्ह पेटली आणि मेलनी फ्राउड या अभ्यासकांनी २००४ ते २०१६ या काळातील अशा ४,८६२ प्राणघातक दरडी आणि त्यांतील ५५,९९७ मृत्यू मोजले आहेत.

३० जुलै २०२४ रोजी मी माळीणचे टिपण तपासत होते. १५१ माणसे गेलेल्या त्या दुर्घटनेला त्याच दिवशी दहा वर्षे होत होती. गाव नाहीसे झाल्याचे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आले होते, म्हणजे नोंदीची सुरुवात तिथेही एका साध्या नोकरदार माणसाने केली होती. तेवढ्यात आमच्याकडचा कनिष्ठ सहकारी आत आला आणि म्हणाला, “मॅडम, वायनाडकडे पाहता का जरा? आकडा दर अर्ध्या तासाला बदलतोय.”

मेप्पाडीजवळील मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे मध्यरात्रीनंतर लोंढ्याखाली गेली होती. पहिल्या बातमीतला आकडा दोन अंकीही नव्हता. रात्रीपर्यंत तो शंभरावर गेला. जुलैमध्ये केरळवर ढगांचे छत असते, त्यामुळे साध्या उपग्रहचित्रांचा उपयोग नव्हता. पुढे इस्रोच्या रडारचित्रांवरून कळले, की सुमारे १,५५० मीटर उंचीवरून सुटलेला दगडमातीचा लोंढा नदीच्या पात्राने जवळपास ८ किलोमीटर वाहत गेला आणि तिथेच पूर्वीही दरड कोसळल्याच्या खुणा होत्या.

आमच्या तक्त्यात एका दरडीला एक ठिकाण आणि एक जिल्हा असतो. पण मृतदेह चालियार नदीतून मलप्पुरम जिल्ह्यात, निलंबूरपर्यंत वाहत गेले होते आणि तिथे सापडत होते. सहकाऱ्याने विचारले, “मग हे मृत्यू कोणत्या जिल्ह्यात लावायचे?” माझे मत स्पष्ट होते: माणूस जिथून वाहून गेला, तिथेच त्याची नोंद व्हावी, कारण पुढच्या पावसात धोका त्या उतारावर आहे, निलंबूरच्या काठावर नाही. जिल्ह्याचा प्रश्न असा सुटला. संख्येचा मात्र सुटला नाही. अनेकदा संपूर्ण देह न मिळता अवयवच मिळत होते आणि ते कोणाचे हे डीएनए चाचणीवाचून ठरणार नव्हते. तोवर एकच माणूस दोनदा मोजला जाण्याची भीती होती.

हा पेच त्या वर्षी नवा नव्हता. मे महिन्यात पापुआ न्यू गिनीच्या एंगा प्रांतात यंबाली गाव गाडले गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा अंदाज ६७० मृत्यूंचा होता, सरकारी पत्रात दोन हजारांहून अधिक जण गाडले गेल्याचे लिहिले होते, आणि प्रत्यक्षात बाहेर काढलेले देह अगदी थोडे होते. वायनाडच्या आठवडाभर आधी इथिओपियाच्या गोफा भागात पहिल्या दरडीखालची माणसे उकरून काढणाऱ्यांवरच दुसरी दरड आली. आपल्या इर्शाळवाडीत २०२३ साली २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. मृतांच्या रकान्यात २७ लिहिणे कागदोपत्री बरोबर असले, तरी तेवढेच लिहून थांबणारी यादी मला निरुपयोगी वाटते. म्हणून त्या संध्याकाळी मी बेपत्तांसाठी स्वतंत्र रकाना घालायला सांगितले आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी व कोणत्या तारखेला दिला, हेही लिहायचे ठरवले. जुन्या नोंदींतही ही दुरुस्ती करायची होती, तिची सुरुवात आम्ही इर्शाळवाडीपासून केली.

वायनाडची नोंद वर्ष संपले तरी मिटली नाही. जानेवारी २०२५ मध्ये केरळ सरकारने बेपत्तांना मृत मानण्याचा निर्णय घेतला, तेव्हा २०२४ चा तक्ता पुन्हा उघडून ती माणसे आम्ही एका रकान्यातून दुसऱ्यात नेली आणि पुढे त्या निर्णयाचा उल्लेख केला.