बाबांच्या नाडीला सम नाही

बाबा आरतीला घुमट वाजवतात, वाड्यावर कुणाचा ताल चुकला तर पहिलं तोंड वाकडं होतं ते त्यांचंच. आणि गेल्या चवथीनंतर त्यांच्याच मनगटावर बोटं ठेवली तर दोन ठोके पटापट, मग गॅप, मग एक उगीच जोरात, कसलाच हिशेब नाही. तेच म्हणाले, "समच सापडत नाय मरे." ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात न चालता नुसते थरथरतात.

रात्री मोबाईल घेऊन बसलो, नको ते वाचलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम हृदय-अभ्यासाच्या 1998 च्या पेपरात आहे की बाकीचे आजार हिशेबात धरूनही एएफवाल्या पुरुषांत मृत्यूची शक्यता दीडपट आणि बायकांत 1.9 पट. आईला सांगितलं नाही अर्थात.

मला वाटलेलं धोका म्हणजे स्ट्रोक. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला छोटी पिशवी असते, तो कप्पा नीट आकुंचन पावत नाही म्हणून तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते, त्यासाठी वॉरफरिन, रक्त पातळ करणारी गोळी. त्याने स्ट्रोक साधारण दोन तृतीयांशाने कमी होतात, मृत्यू पावभागाने. मग मी निवांत, गोळी चालू आहे ना!

पण री-लाय नावाची 18 हजारांवर पेशंटची ट्रायल झाली, सगळेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर, आणि त्यात जे गेले त्यांच्यात स्ट्रोक आणि रक्तस्राव मिळून दहातला जेमतेम एक, हार्ट फेल्युअर नाहीतर अचानक हृदय बंद पडून गेलेले त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे गोळी गुठळी सांभाळते, हृदय नाही. बीपी, शुगर, वजन, ते रात्रीचं भयंकर घोरणं (आई वीस वर्षं सांगतेय, कोण ऐकतो), हे सगळं आता औषधाइतकंच झालं.

आणि आमच्याकडे भांडण कशावरून, तर भाजीवरून. पाऊस लागला की बाबांना रोज तायकिळा नाहीतर तांबडी भाजी पाहिजे, पाल्यात व्हिटॅमिन के, ते वॉरफरिनच्या उलट काम करतं, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 2 ते 3 मध्ये पाहिजे तो 1.4 वर आला. डॉक्टर म्हणाले बंद करू नका, दर आठवड्याला तेवढीच खा. आता आई वाटीने मोजून वाढते आणि बाबा त्या वाटीकडे बघून म्हणतात, ही काय प्रसादाची आहे काय?