अर्धं फोनवर, अर्धं जमिनीत: आमची वाटचाल

लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या आणि साखळ्या शोधून देणं हे आमचं काम. पहिलं मशीन, म्हणजे जमिनीतला धातू ओळखणारा मेटल डिटेक्टर, मी जुनी नाणी शोधायला घेतलं होतं, निव्वळ हौस म्हणून. त्याला आता १४ वर्षं झाली. नाणी किती मिळाली ते विचारू नका. खिळे मिळाले, बाटल्यांची बुचं मिळाली, एकदा नांगराचा मोडका फाळ मिळाला आणि तो उकरण्यात अख्खी सकाळ गेली. घरात मशीनचं नाव 'भंगारवाला' पडलं होतं. ते माळ्यावर जाणार एवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. झाडांना पाणी घालताना बोटातली अंगठी गेली होती. "तुझं ते काठीसारखं यंत्र चालेल का रे त्याला?" असं त्या जरा संकोचूनच विचारत होत्या.

वीस मिनिटांत सापडली. कुंडीशेजारच्या चिखलात, बोटभर खोल. काकूंनी ती नळाखाली धुतली, बोटात घातली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती घडवून आणलीय. मग त्यांनी चार जणींना सांगितलं, त्या चौघींनी आणखी कुणाकुणाला. आमची जाहिरात आजही एवढीच.

खरं सांगायचं तर ती पहिली अंगठी नशिबाची होती. पुढची तीन कामं सपशेल फसली. त्यातलं तिसरं अजून बोचतं. मैदानावर चेंडू फेकताना एका तरुणाच्या बोटातून अंगठी उडाली होती. दोन संध्याकाळी मी ते मैदान पालथं घातलं आणि 'इथे नाही' असं छातीठोकपणे सांगून घरी आलो.

मशीन कसं चालतं हे मला त्या फजितीनं शिकवलं. मशीनच्या खालच्या टोकाला कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं असतं. त्या तारेतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असेल तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र वर येऊन दुसऱ्या कॉइलला लागतं. ते किती मागे पडून येतं यावरून पडद्यावर आकडा उमटतो. लोखंड खालच्या टोकाला, चांदी आणि तांबं वरच्या. आणि सोन्याची अंगठी? ती बहुतेक वेळा मधे, जिथे चॉकलेटचा चंदेरी कागद आणि शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी असते तिथेच. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, १४ कॅरेटमध्ये ५८.५. बाकीच्या धातूंच्या मिश्रणानं वीजवहन घटतं आणि आकडा आणखी घसरतो. पांढरं सोनं तर पुष्कळदा त्या कागदाच्याच रांगेत जाऊन बसतं. कचरा नको म्हणून मी नेमका तेवढ्या आकड्यांचा पट्टा बंद करून ठेवला होता. म्हणजे अंगठी शोधायला निघालो होतो आणि मशीनला बजावून ठेवलं होतं, की अंगठी दिसली तर बोलू नकोस.

अकरा दिवसांनी परत गेलो. पट्टा उघडा ठेवला, मैदानावर दोऱ्या बांधून गल्ल्या पाडल्या, आधी उभ्या आणि मग आडव्या, आणि जो जो सिग्नल आला तो उकरला. ४७ कड्या निघाल्या. ४८वी पिवळी होती. तो तरुण तोवर दुसरी अंगठी घेऊन मोकळा झाला होता, तरी धावत आला.

याला धंदा म्हणावं असं रूप आलं ते बायकोमुळे. मी फोन उचलला की दोन मिनिटांत 'पत्ता द्या, येतो' म्हणून मोकळा व्हायचो, आणि मग भलत्याच जागी तीन-तीन तास घाम गाळायचो. तिनं फोन माझ्याकडून काढूनच घेतला. मी विचारायचो, "शेवटची कुठे पाहिलीत?" ती विचारते, "बोटात आहे असं नक्की कधी जाणवलं होतं? आणि नाहीये हे कशामुळे कळलं?" या दोन क्षणांमध्ये जे काही घडलं ते आमचं शेत. त्या वेळात हातमोजे काढले का, काही फेकलंत का, हाताला क्रीम लावलंत का, पाण्यात उतरलात का. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि त्यात साबण किंवा तेल असलं की अंगठीला तेवढं निमित्त पुरतं. लोक 'इथ्थेच पडली' म्हणून ज्या जागेवर बोट ठेवतात, ती बहुतेकदा अंगठी पडल्याची नव्हे, बोट मोकळं दिसल्याची जागा असते.

एकदा एक ताई फोनवरच रडत होत्या. बर्फात खेळताना अंगठी गेली, सगळीकडे पांढरंशुभ्र, आता कुठे शोधू. बायकोनं शांतपणे विचारलं, "त्या वेळचे हातमोजे कुठे आहेत? डाव्या हाताचा उलटा करून बघता का, मी थांबते." थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग किंकाळी. अनामिकेच्या टोकाशी, अस्तरात अडकून बसली होती. अशा कामाचे आम्ही काहीच घेत नाही, आणि अशी कामं आम्हाला परवडण्याच्या पलीकडे वाढली आहेत. मी कुरकुरतो. ती म्हणते, तुझं पेट्रोल वाचलं.

पैशांचं आमचं साधं आहे. येण्या-जाण्याचा खर्च आधी ठरतो, तो सापडो न सापडो द्यायचा. बाकीचं सापडल्यावर. यात एकदा दणका बसला. एका बागेत आम्ही दोघं दुपारभर गुडघ्यांवर होतो आणि घरमालकांना अंगठी पहिल्या अर्ध्या तासातच खिशातल्या रुमालात सापडली होती. आम्हाला सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणे. तेव्हापासून काम चालू असताना मालकानं आमच्यासोबत थांबायचं, अशी अट आहे.

साखळी हा आमचा खरा शत्रू. अंगठी म्हणजे बंद वर्तुळ, वीज तिच्यात सलग फिरते आणि मशीनला मोठ्यानं उत्तर देते. साखळीच्या कड्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात, त्यामुळे मशीनला साखळी अशी दिसतच नाही, दिसते एकेक इवलीशी कडी. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला मी हे पहिल्या दिवशी लाकडी टेबलावर दाखवतो. बारीक सोन्याची साखळी सरळ पसरायची आणि वरून दोन बोटांच्या अंतरावर कॉइल फिरवायची. मशीन गप्प. तीच गोळा करून ठेवली तर नीट कान दिल्यावर कुजबुजतं. लॉकेट अडकवलं की बोलायला लागतं. सांधा उघडलेली अंगठीही अशीच दगा देते, कारण वर्तुळ तुटलेलं असतं. मोती आणि खडे यांचं तर मशीनला सोयरसुतकच नाही. आणि कानातल्याची फिरकी हरवली असेल तर आम्ही फोनवरच सांगतो, नवी करून घ्या.

मग साखळी कशी शोधायची? अंधार पडू द्यायचा. टॉर्च गवताच्या पातळीला आडवा धरायचा आणि डोकं जमिनीला टेकवून बघायचं. एका आजोबांची साखळी आम्हाला अशीच मिळाली. ती जमिनीवर पडलीच नव्हती, दोन पात्यांमध्ये झोळीसारखी लोंबत होती. दिवसा आमच्यापैकी कुणाचा तरी पाय तिच्या वीतभर अंतरावर पडून गेला असणार. त्या रात्री मशीन गाडीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

घराच्या आतही मशीनचा फारसा उपयोग नाही. फरशीखाली स्लॅबच्या सळ्या, भिंतीत पाइप, सोफ्यात स्प्रिंगा. मशीन नुसतं किंचाळत राहतं. याची मला फार लाज वाटायची, पण मग टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची गोष्ट वाचली. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकलीय ते डॉक्टरांना सापडेना. बेलनं त्यासाठी धातू ओळखणारं यंत्र तयार केलं, आधी तपासून पाहिलं, ते चालत होतं. अध्यक्षांच्या खाटेपाशी नेलं तर काही उलगडाच होईना. गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. गोळी निराळ्याच जागी निघाली, ती अध्यक्ष गेल्यानंतर. तर बेलचं जिथे अडलं तिथे आमचं अडलं तर काय बिघडलं! घरात आम्ही हाताएवढा पिनपॉइंटर, म्हणजे धातूची नेमकी जागा दाखवणारं छोटं यंत्र वापरतो, आणि त्याहून जास्त टॉर्च, आरसा आणि व्हॅक्यूमच्या नळीला बांधलेला पातळ मोजा. आणि हो, मैदानावर जवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बुटाला लोखंडी टोक असेल तर त्याला चार पावलं मागे सरकवतो.

समुद्रावर जायला लागल्यावर दुसरं मशीन घ्यावं लागलं. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन ओल्या वाळूवर खोटं खोटं बोलत सुटतं. नवं मशीन पल्स पद्धतीचं आहे: विजेचा झटका द्यायचा, थांबायचं, आणि धातूतला भोवरा किती वेळ टिकतो ते ऐकायचं. खाऱ्या पाण्यातला भोवरा लगेच विरतो, सोन्यातला जरा रेंगाळतो. पण या मशीनला लोखंड आणि सोनं यांत फरक करणं नीट जमत नाही, म्हणून सगळं उकरायचं. जाळीचा स्कूप वाळूत घाल, उचल, लाटेत हलव, बघ. खिळा. पुन्हा घाल. तासाभरात खांदा भरून येतो. इथे घाई मात्र हवी. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळूचा कण २.६५ पटीच्या आसपास. प्रत्येक लाट वाळू ढिली करते आणि अंगठी त्यातून खाली उतरत जाते, कठीण थर लागेपर्यंत. अंगठीसाठी आमचा भरवशाचा पल्ला वीतभर. त्याखाली गेली की मशीन महाग असून उपयोग नाही.

म्हणून किनाऱ्यावरून फोन आला की बायको आधी ओरडते, "हलू नका!" लोक नेमकं उलट करतात. दहा जणांना गोळा करून वाळू उपसतात आणि वर असलेली अंगठी पायांनी खाली दाबतात. जिथे उभे आहात तिथे आधी काठी रोवा. मग समोर एका रेषेत येणाऱ्या दोन न हलणाऱ्या गोष्टी बघा, म्हणजे खांब आणि त्यामागचं घर, आणि तशीच दुसरी जोडी बाजूला. दोन्ही रेषांचा फोटो काढा. फोनवरचं लोकेशन पाठवा, पण ते मोकळ्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे असतं, आणि चार-पाच मीटर म्हणजे आमची एक अख्खी ओहोटी.

चूक आमचीही झालीय. सुरुवातीच्या काळात एका हिरवळीत मी जागोजागी गोल खड्डे पाडले, अंगठी काढून दिली आणि खूश होऊन आलो. आठवड्यानं त्यांचा फोटो आला: हिरवळीवर पिवळे ठिपके, देवी आल्यासारखे. आता तीन बाजूंनी कापून गवताची झडप उघडतो, माती कापडावर काढतो, काम झालं की परत भरून झडप पायानं दाबतो आणि पाणी घालतो. मुलाला आधी हे आलं पाहिजे, मशीन नंतर.

काही कामं आम्ही घेत नाही. गुप्तधनाचे फोन महिन्याला एखादा तरी येतो, त्यांना नमस्कार. जागेच्या मालकाची परवानगी नसेल तर नाही. संरक्षित वास्तूंच्या आवारात तर मशीन बाहेरच काढत नाही, तिथे उकरणं हा गुन्हा ठरू शकतो. आणि दुसऱ्या कुणाचा दागिना हाती लागला तर आत कोरलेलं नाव किंवा तारीख बघून माणूस शोधायचा प्रयत्न करतो, नाहीतर पोलिसांत जमा.

एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका घरात अंगठी हरवून दोन महिने झाले होते आणि घरच्यांच्या मते ती कुणी नेली हे ठरलेलं होतं. ते माणूस तिथे यायचं बंद झालं होतं. आम्हाला बोलावलं ते केवळ आजींच्या हट्टापायी. बायकोच्या प्रश्नांतून एवढंच निघालं, की त्या दिवशी भाज्या चिरताना अंगठी काढून ठेवली होती. मी बागेत खताच्या खड्ड्याकडे गेलो. अर्धवट कुजलेल्या सालींच्या चौथ्या फावड्यात पिनपॉइंटर थरथरला. अंगठी पुसून मी ती आजींच्या तळहातावर ठेवली. कुणीही 'अरे वा' म्हटलं नाही. आजी मुलाला म्हणाल्या, "फोन लाव तिला. आत्ता. माझ्यासमोर." आम्ही हत्यारं आवरून, पाणीसुद्धा न पिता निघालो.

सगळ्या कामांची एक वही आहे. सापडलेली पेनानं, न सापडलेली पेन्सिलीनं, म्हणजे पुढे कधी खोडता येईल. पेन्सिलीचं सगळ्यात जुनं पान सहा वर्षांपूर्वीचं. एका गृहस्थांची अंगठी कमरेएवढ्या पाण्यात गेली, आत बायकोचं नाव कोरलेलं. आम्ही पाच ओहोट्या घालवल्या. मोठं वादळ झालं की किनाऱ्यावरची वाळू वाहून जाते आणि खाली बसलेल्या जड वस्तू वर येतात, असं मी त्यांना तेव्हा सांगून बसलो. तेव्हापासून प्रत्येक वादळानंतर सकाळी सातला त्यांचा फोन येतो: "वाळू सरकली का हो?" काल रात्रभर वारा होता. मशीन मी झोपण्याआधीच चार्जिंगला लावलं, ओहोटी पावणेबाराची आहे. या वेळी बायकोनं फोन यायची वाट बघितली नाही, साडेसहालाच त्यांना उठवलं.