लाईन परत आल्यावर अंगणातले दिवे काय करतात?

घराबाहेरच्या दिव्यांचे नियंत्रण कसे करावे याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा अखंड वीजपुरवठा गृहीत धरून लिहिलेले असते. विदर्भातल्या वरुड तालुक्यातल्या आमच्या गावी तो आधार धरता येत नाही. वादळात फांदी तारेवर पडते, डीपीवरचा (गावच्या रोहित्रावरचा) फ्यूज जातो आणि लाईन कधी तासाभराने, तर कधी मध्यरात्रीनंतर येते. त्यामुळे फाटक, अंगण, गोठा आणि संत्र्याच्या बागेकडे जाणारी वाट येथे दिवे बसवताना मी प्रत्येक साधनाची पारख एकाच कसोटीवर केली: वीज जाऊन परत आल्यावर ते काय करते?

यांत्रिक टायमर स्वस्त आणि समजायला सोपा असतो. त्याच्या चोवीस तासांच्या चकतीवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असतात आणि त्या दाबून वेळ ठरवता येते. परंतु बॅटरी नसलेल्या टायमरची चकती विजेवरच फिरते, म्हणून दोन तास लाईन गेली की त्याचे घड्याळ दोन तास मागे पडते. डिजिटल टायमरमध्ये लहान बॅटरी असल्याने वेळ टिकते; मात्र सूर्य त्या वेळेला बांधलेला नसतो. नागपूर परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास, त्यामुळे ऋतू बदलला की स्टुलावर चढून बटणे दाबणे ओघानेच आले. ही कटकट खगोलीय टायमर वाचवतो, कारण अक्षांश, रेखांश आणि तारीख एकदा भरली की सूर्यास्ताची वेळ तो स्वतः काढतो. तेथे शहरांच्या यादीतून मुंबई निवडून मात्र भागत नाही. आपल्याकडे सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटे आधी मावळतो आणि तेवढा वेळ अंगण अंधारातच राहते.

तरीही संध्याकाळी दिवे लावण्याचे काम मी प्रकाशसेन्सरकडेच दिले. त्याच्यातल्या घटकाचा विद्युतरोध उजेडात कमी होतो व अंधारात वाढतो आणि त्यावरून आतला रिले (विजेने चालणारा स्विच) दिवा जोडतो किंवा तोडतो. त्याला तारीख, वेळ, गाव यांपैकी काहीही लक्षात ठेवावे लागत नाही, म्हणून रात्री दोन वाजता लाईन आली तरी बाहेर अंधार आहे एवढे पाहून तो दिवा लावतो. श्रावणात आभाळ भरून चार वाजताच काळोख झाला, तर खगोलीय टायमरला त्याचा पत्ता नसतो, प्रकाशसेन्सरला असतो. त्याची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. थेट ऊन टाळण्यासाठी तोंड उत्तरेकडे असावे, आणि ज्या दिव्यावर त्याचे नियंत्रण आहे त्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडू नये, नाहीतर दिवा लागतो, सेन्सरला दिवस उगवल्यासारखा वाटतो, दिवा विझतो आणि हा खेळ रात्रभर चालतो. काचेवरची धूळ आणि कोळिष्टकेही अधूनमधून पुसावी लागतात, कारण काच मळली की दिवे लवकर लागतात आणि सकाळी उशिरा विझतात.

केवळ प्रकाशसेन्सर लावला तर दिवे पहाटेपर्यंत जळतात आणि ते मला नको होते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचा दिव्याभोवती जो थवा जमतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला कारण सांगावे लागणार नाही. (पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात, म्हणून सर्वत्र तेच दिवे लावले आहेत.) वायरमनकडून अंगण आणि वाटेच्या दिव्यांसाठी सेन्सरच्या पुढे एक डिजिटल टायमर जोडून घेतला, सेन्सर दिवे लावतो, टायमर रात्री अकराला तोडतो. फाटकाचा दिवा वेगळ्या वायरीवर असून तो सकाळपर्यंत चालतो.

गोठ्यापाशी हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. तो शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक टिपतो, त्यामुळे मे महिन्यात भिंती रात्रीही तापलेल्या असताना तो मंद होतो, आणि हिवाळ्यात मात्र दूरच्या कुत्र्यालाही दाद देतो. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस त्याला लवकर कळते, म्हणून तो वाटेच्या टोकाला न बसवता बाजूच्या भिंतीवर बसवला आहे.

वायफायवर चालणाऱ्या स्विचविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. लाईन गेली की राउटरही बंद पडतो आणि वाड्याच्या जाड भिंतींमधून गोठ्यापर्यंत सिग्नल पोहोचत नाही. ज्यांना ते बसवायचेच असतील, त्यांनी वीज परत आल्यावर स्विच चालू राहावा, बंद राहावा की पूर्वीच्या स्थितीत जावा, ही सोय त्यात आहे का ते घेण्याआधी पाहावे. पंपाच्या ऑटो स्विचचा अनुभव आपल्याकडे सर्वांना आहे. लाईन येताच सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून हे स्विच काढावेत असे आवाहन महावितरण करते. एलईडी दिव्यांचा भार पंपापुढे नगण्य आहे, पण परत आलेल्या विजेचा विचार येथेही टाळता येत नाही. वायफायपेक्षा सिमकार्डवर चालणारा मोबाईल स्टार्टर ज्या पद्धतीने शेतातला पंप चालवतो, ती पद्धत बागेकडच्या दूरच्या दिव्याला अधिक सोयीची वाटते, कारण तिला घरच्या इंटरनेटची गरज नसते.

या सगळ्या स्वयंचलित साधनांना वळसा घालणारा एक साधा स्विच पडवीत ठेवला आहे. रात्री जनावर व्याले किंवा बागेकडे कुणी आल्याची चाहूल लागली, तर आई तोच दाबते आणि बाहेरचे सर्व दिवे एकदम लागतात. बाहेरच्या सर्व वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के आर्थिंग आहे. मृग लागण्यापूर्वी आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पुरवठा तोडतो की नाही हे मी पाहून घेतो.